पाणी एकाच टाकीतलं, पण पाहुण्यांना नव्या बाटलीतलंच गोड लागलं. बाटली बदलू का?

केनवाली वहिनी, इंदूर

प्रश्न लांब आहे. पण आकडे न देता विचारलं तर उत्तरंही हवेतलीच येतील, म्हणून सगळं लिहिते.

सांवेर रोडवर आमचा पाण्याचा छोटा प्लांट आहे. मूळ धंदा वीस लिटरच्या केनचा. सकाळी सहाला लोडिंग रिक्षा निघते, लोकमान्य नगर, सुदामा नगर, मग भंवरकुआंचे कोचिंगवाले. बाटल्या सासऱ्यांच्या वेळी नव्हत्या. त्या ह्यांनी आणि भाऊजींनी सहा वर्षांपूर्वी सुरू केल्या, लग्नाच्या ऑर्डरींसाठी. हिशेब माझ्याकडे. बाटली दिसते कशी हे माझं खातं कधीच नव्हतं, ती पडते कितीला एवढंच मी बघते.

ह्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरी पस्तीस पानं होती. भाऊजींनी प्लांटवरून दोन पेट्या आणल्या. एक आमची नेहमीची: पातळ गोल बाटली, कागदी लेबल, त्यावर निळी लाट आणि एक थेंब. दुसरी नमुन्याची. साचेवाल्याने त्याच्याकडचेच प्रीफॉर्म (ज्या छोट्या जाड नळीला फुगवून बाटली करतात ती) फुगवून दाखवायला दिलेल्या बाटल्या, थोड्या चौकोनी, कमरेत हाताला पकड, लेबल पारदर्शक प्लास्टिकचं आणि त्यावर फक्त पांढरी अक्षरं. दोन्ही पेट्या पोळ्याच्या दिवशी एकाच टाकीतून, एकाच नोझलवर भरलेल्या. मी स्वतः तिथे उभी होते.

पुरणपोळ्या झाल्यावर सगळ्यांना तहान. पाहुण्यांनी नव्या बाटल्या आधी उचलल्या, ते मी समजू शकते. पण चुलत सासरे म्हणाले, "हे पाणी गोड आहे, हे कुठून आणलं?" धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "जुन्यापेक्षा हलकं आहे." कुणी जुनी बाटली हातात घेतली की ती चुर्र वाजायची आणि माणूस ती परत ठेवायचा. ह्यांच्या आत्याबाई रामबागेत राहतात, वय ८१. त्यांनी जुन्या बाटलीतला एक घोट घेतला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "ह्याला वास येतो गं." कसला? "पिकलेल्या फळासारखा." सगळे हसले. पाण्याला फळाचा वास!

रात्री भांडी आवरताना मला मात्र हसू येईना. सहा वर्षं आम्ही फिल्टर, आरओ, यूव्ही, लॅबचे रिपोर्ट ह्यांवर पैसे ओतले. आणि पस्तीस माणसांनी पाण्याची परीक्षा केली ती बाटली बघून.

आता वहीतले आकडे. जुना प्रीफॉर्म साडेसोळा ग्रॅमचा, नवा १९ चा. लेबलचा फरक धरून बाटलीमागे ४५ पैसे जास्त. तुळशीच्या लग्नानंतरच्या सीझनला आमच्या एक लिटरच्या चाळीसेक हजार बाटल्या जातात, म्हणजे १८ हजार रुपये, साच्याचे वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा वाटलं होतं थोडी जागा निघेल, पण पार्ट्यांनी तो फरक आधीच मागून घेतला.

वर घरातली मतं. भाऊजींना नाव बदलून 'पातालपानी' ठेवायचंय आणि लेबलावर धबधबा हवाय. ह्यांना बर्फाचे डोंगर हवेत. मुलगी म्हणते आख्खी बाटलीच निळी करा. पाणी आमच्या बोअरचं, महूच्या धबधब्याचं नाही आणि हिमालयाचं तर नाहीच.

तर विचारायचं हे, की लोकांना नक्की काय भुरळ घालतं? आकार, झाकण, लेबल, रंग, की हातातला कडकपणा? ४५ पैसे कुठे घालू? आणि खरं सांगा, बाटली बदलून तेच पाणी 'गोड' करणं ही फसवणूक आहे का? हा शेवटचा प्रश्न ह्यांना विचारला तर ते म्हणाले, "झोप आता."

प्रीफॉर्मवाला, पिथमपूर

वहिनी, तीस वर्षं ह्याच लाइनीत आहे. तुम्ही ग्रॅममध्ये बोललात, बरं वाटलं. बहुतेक पार्ट्या 'जरा मजबूत द्या' एवढंच बोलतात.

कोल्ड्रिंकची बाटली गुळगुळीत असूनही कडक लागते, कारण आतला गॅस तिला फुगवून धरतो. पाण्यात गॅस नाही. म्हणून पाण्याच्या बाटलीला आडव्या वळ्या पाडतात. त्या शोभेच्या नाहीत. शेडच्या पत्र्याला पन्हळी असतात ना, तेच काम: माल तेवढाच, पण वाकत नाही. तुमच्या जुन्या बाटलीला लेबलाच्या जागी सपाट पट्टा असणार, आणि माणसाचा हात नेमका तिथेच पडतो. डाव्या हाताने धरली, उजव्याने झाकण पिरगाळलं, बाटली दबली, घोटभर पाणी सदऱ्यावर. लग्नात नवा सदरा भिजवणारी बाटली कुणाला गोड लागणार?

म्हणून अडीच ग्रॅम सगळीकडे वाढवू नका. वजन कुठे जातंय ते बघा. जुन्या २८ मिमीच्या उंच मानेत सुमारे ५ ग्रॅम माल बसतो, नव्या बुटक्या मानेत पावणेचारच्या आसपास. मानेतला ग्रॅम गिऱ्हाइकाच्या हाताला कळत नाही, कमरेतला कळतो. पण मान बदलली तर झाकण बदलतं आणि मशीनच्या पकडीही बदलतात. ह्या सीझनला ते करू नका.

चौकोनी बाटलीचंही ऐका. गोल बाटल्या चिकटून ठेवल्या तरी पेटीतली साधारण २१ टक्के जागा मधल्या फटींत जाते, हे गणितच आहे. चौकोनीत ती वाचते, म्हणून लांब माल पाठवणाऱ्यांना परवडते. पण प्रीफॉर्म गोल असतो. फुगवताना बाजू साच्याला आधी टेकतात आणि गार होतात, कोपऱ्यापर्यंत जायला माल सगळ्यात जास्त ताणला जातो, म्हणून कोपरे पातळ राहतात. ते सांभाळायला ग्रॅम वाढवावा लागतो. तुमचा १९ चा आकडा तिथून आलाय. तुमची गाडी सांवेर रोड ते विजयनगर धावते, तुम्हाला चौकोनाचं काय करायचंय?

मोठे प्लांट झाकण बसायच्या आधी द्रव नायट्रोजनचा थेंब सोडतात. त्याचा आत वायू होतो आणि पातळ बाटलीसुद्धा टणक राहते. ते मशीन दाखवायला कुणी आला तर चहा पाजा आणि परत पाठवा.

मंडपातले काका

सूनबाई, मी लग्नाची जेवणं करतो, इंदूर-देवास-उज्जैन. माझं म्हणणं बाटलीपेक्षा लेबलावर आहे.

आम्ही बाटल्या बर्फाच्या टबात घालतो. अर्ध्या तासात कागदी लेबल सुटतं. ते पाण्यावर तरंगतं, बर्फाला चिकटतं, पोरांच्या हाताला लगदा लागतो. आणि बाहेर निघते ती नागडी बाटली. नागडी बाटली दिसली की पाहुण्याच्या मनात एकच गोष्ट येते: ही कुणीतरी नळावर भरलेली आहे. मग तो सील बघतो. सील तुटताना 'टक्' झालं नाही तर बाटली तिथेच राहते. उन्हाळ्यात स्टेशनांवर रिकाम्या बाटल्या परत भरून विकायचे ते दिवस लोक अजून विसरलेले नाहीत. म्हणून झाकणावर पैसे वाचवू नका. ढिलं झाकण म्हणजे ढिली इज्जत.

दुसरं. मुलीचा बाप मला रंगाने सांगतो, नावाने नाही. "वो हरी वाली रखना." काही प्लांटवाले त्याचा फायदा घेतात, हिरवं लेबल, तीच अक्षरं, नावात एक मात्रा इकडेतिकडे. मी तसला माल परत पाठवतो. पंगतीत कुणी शिकलेला पाहुणा निघाला की हसं माझं होतं, प्लांटवाल्याचं नाही.

आणि दोनशे मिलीची बाटली सुधारा आधी. एक लिटर टेबलावर राहते, दोनशे मिली प्रत्येकाच्या हातात जाते. फोटोत तीच येते.

केनवाली वहिनी

काका, लगद्याचं कुणी आम्हाला कधीच सांगितलं नाही! सहा वर्षं माल गेला, पैसे आले, संपलं. प्लांटवर लेबल कोरडं आणि छान दिसतं.

ब्रश आणि वही

मी इंदूरच्याच फाइन आर्ट कॉलेजची, जे देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये सुरू केलं आणि जिथे बेंद्रे आणि हुसेन शिकले. मी मात्र आयुष्यभर शेवेची पाकिटं, अगरबत्तीचे पुडे आणि साड्यांचे बॉक्स केले. पाण्याचं लेबल सगळ्यात अवघड. शेवेच्या पाकिटावर शेव काढता येते, पाण्याचं चित्र काय काढणार? म्हणून सगळे लाट काढतात आणि थेंब काढतात. वहिनी, तुमच्या लेबलावर दोन्ही आहे.

मुलीची निळी बाटली आधी बाजूला करू. आपल्याकडच्या नियमात पॅकबंद पिण्याच्या पाण्याची बाटली रंगहीन आणि पारदर्शक हवी. बाहेरच्या देशांत गंमत करता येते. पेरिए ह्या फ्रेंच पाण्याची हिरवी काच आणि तिचा तो फुगीर आकार, तो व्यायामाच्या मुदगलांवरून घेतलेला. आपल्याला रंगासाठी जागा दोनच, लेबल आणि झाकण.

आता भाऊजींचा धबधबा. ठिकाणाचं नाव पाण्याला द्यायचं तर पाणी तिथून घेतलेलं असावं लागतं, हाही नियमच आहे. आणि पाणी कुठलं, कसलं ह्याबद्दल दिशाभूल करणारं चित्रही चालत नाही. त्यामुळे पातालपानी गेलं आणि बर्फाचे डोंगरही गेले. 'पचनाला उत्तम' वगैरे औषधी दावे करायचे असतील तर तेही आत्ताच विसरा.

रंगाचं सांगते. पाणी म्हटलं की निळा, हे इतकं ठरून गेलं होतं की निळा दिसेनासाच झाला. बिस्लेरीची गोष्ट ह्यासाठी शिकण्यासारखी आहे. नाव इटालियन माणसाचं, मुंबईत १९६५ मध्ये आलं तेव्हा काचेच्या बाटलीत होतं, १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी ते ४ लाखांना घेतलं. पुढे बाजारात निळ्या लेबलांची इतकी गर्दी झाली की २००६ मध्ये त्यांनी निळा सोडून हिरवट रंग घेतला. काकांचा मुलीचा बाप "हरी वाली" म्हणतो तो तिथून. हिरवा जात्याच चांगला होता असं नाही, शेजारी सगळे निळे होते म्हणून तो दिसला. आज हिरवा नक्कल करणाऱ्यांचा झालाय, तुम्ही तिकडे जाऊच नका. २०१७ पासून बिस्लेरीवाले प्रादेशिक भाषांतली लेबलंही करतात, कारण हातगाडीवर इंग्रजी वाचायला कुणी थांबत नाही.

तुमच्या नमुन्यातली पारदर्शक लेबलाची कल्पना चांगली आहे, कारण ती पाण्याला पुढे करते. फिजी नावाचं पाणी १९९६ मध्ये निघालं, चौकोनी बाटली. त्यांनी चित्र मागच्या लेबलाच्या आतल्या बाजूला छापलं, म्हणजे पुढून बघताना ते पाण्यातून दिसतं आणि पाणीच चित्राचा भाग होतं. गोल बाटलीत तर पाण्याचं भिंगच होतं. भरलेल्या बाटलीमागे वर्तमानपत्र धरून बघा. पण पांढरी अक्षरं नको. बर्फाच्या टबात पांढऱ्यावर पांढरं काही वाचता येणार नाही. गडद निळी किंवा काळी, जाड देवनागरी, नाव हातभर लांबून वाचता येईल एवढं. लाल अजिबात नको, लाल म्हणजे गरम पाण्याचा नळ.

अख्ख्या बाटलीला घट्ट बसणारी स्लीव्ह कुणी विकायला आला तर विचारा कशाची आहे. पीव्हीसीची असेल तर ती बाटलीच्या भंगारात मिसळून सगळा लॉट खराब करते. आपल्या गावाने कचरा वेगळा करण्यात इतकं नाव कमावलंय, त्यात आपण खडा टाकू नये.

तात्या, नारायणबाग

मी रसायनशास्त्र शिकवत असे. सगळ्यांनी बाटलीची वर्णनं केली, पण वहिनींच्या प्रयोगाची तपासणी कुणी केली नाही.

दोन्ही बाटल्या सारख्याच गार होत्या का? गार पाणी नेहमी चांगलं लागतं. नवी आधी प्यायली की जुनी आधी? पुरणपोळीनंतरचा पहिला घोट कुठल्याही पाण्याचा अमृतच लागणार. चुलत सासरे मोठ्याने 'गोड' म्हणाले, त्यानंतर जाऊबाई काय कडू म्हणणार होत्या? पस्तीस माणसांची पंगत म्हणजे पस्तीस साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एक, बाकी चौतीस होकार.

पुन्हा करा. दोन्ही पेट्यांतल्या उरलेल्या बाटल्या एका बादलीत रात्रभर ठेवा म्हणजे उष्णता सारखी होईल. स्टीलच्या फुलपात्रांत ओता. ओतणारा वेगळा, देणारा वेगळा, देणाऱ्याला माहीत नको कुठलं कुठलं. बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं.

बाकी आमच्याकडे माठ आहे, त्यात वाळ्याची जुडी आहे, पाणी नर्मदेचं. ते सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढून येतं ह्याचंच मला अजून नवल वाटतं. त्याला लेबल नाही.

राऊचा पाहुणा

काकू, मी पुण्याचा, इथे राऊला मॅनेजमेंट शिकतोय. तुम्हाला जे दिसलं त्यावर एक गाजलेला अभ्यास आहे. अराधना कृष्णा आणि मॉरीन मॉरिन ह्या दोघींचा, २००८ मधला. त्यांनी लोकांना तेच पाणी लिबलिबीत आणि घट्ट अशा दोन तऱ्हेच्या पेल्यांतून दिलं. लिबलिबीत पेल्यातल्या पाण्याला लोकांनी कमी दर्जा दिला. पेल्याचा चवीशी काही संबंध नाही, तरी हाताने जिभेच्या वतीने निकाल दिला.

ह्यातली खरी गंमत पुढे आहे. ज्यांना वस्तू हाताळायला मुळातच आवडतात, बाजारात जी माणसं प्रत्येक कापड चाचपून बघतात, ती कमी फसली. त्यांना हाताचं म्हणणं वेगळं आणि जिभेचं वेगळं ठेवता आलं. ज्यांचं स्पर्शाकडे लक्षच नसतं, त्यांच्यावर पेल्याचा परिणाम जास्त झाला. म्हणजे तुमच्या पाहुण्यांत कडकपणाचं कौतुक करणारे कमी असतील, पण 'पाणी गोड आहे' म्हणणारे पुष्कळ निघतील.

फसवणुकीचं मला नाही वाटत. चांगल्या ताटात वाढणं फसवणूक असेल तर आमच्या आजीला अटकच करावी लागेल.

केनवाली वहिनी

तात्या, तुमचा प्रयोग केला. रविवारी, घरातले आणि शेजारचे मिळून अकरा जण. बादली, फुलपात्रं, चिठ्ठ्या, सगळं तुम्ही सांगितलं तसं. मुलगी आत ओतत होती, भाऊजी बाहेर आणून देत होते आणि काही बोलायची मनाई म्हणून त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अकरापैकी सहांना जुन्या बाटलीतलं पाणी आवडलं, पाचांना नव्या. चुलत सासरे म्हणाले होते ना गोड? त्यांनी जुनं निवडलं आणि खाली लिहिलं, 'हेच ते नवीन'. मी काही बोलले नाही. मोठे आहेत.

म्हटलं चला, प्रश्न मिटला, सगळा खेळ बाटलीचा. पण आत्याबाई. त्यांनी चिठ्ठी घेतली नाही, "मला लिहायला चष्मा लागतो" म्हणाल्या, नुसतं फुलपात्र नाकाशी नेलं आणि जुन्या बाटलीचं बरोबर वेगळं काढलं. मुलीने पुन्हा ओतलं. पुन्हा बरोबर. सहा वेळा केलं, सहाच्या सहा वेळा. एकदा तर मुलीने मुद्दाम दोन्हीत नव्याच बाटलीचं ओतलं, तर म्हणाल्या, "दोन्ही चांगली आहेत, मला बनवू नका." ती सातवी वेळ.

आता मला झोप नाही. टाकी तीच, नोझल तेच. मग वास कुठून आला?

तात्या, नारायणबाग

दोनांपैकी एक निवडायचं असताना सहा वेळा निव्वळ नशिबाने बरोबर येणं चौसष्टात एकदा घडतं. सातवी वेळ तर लाखमोलाची. बाईंचं नाक खरं आहे. आता बाटलीकडे बघा, पाण्याकडे नको.

प्रीफॉर्मवाला, पिथमपूर

तात्या बरोबर. आणि वहिनी, मी तुमची पोस्ट नीट वाचली नाही ही माझी चूक. पिकलेल्या फळाचा वास हे शब्द तुम्ही पहिल्या दिवशीच लिहिले होते. आमच्या लाइनीत कुणी असं म्हटलं की आम्ही उभे राहतो.

प्रीफॉर्म करताना प्लास्टिकचा दाणा वितळवतात. तो गरजेपेक्षा जास्त तापला किंवा मशीनमध्ये जास्त वेळ राहिला, की त्यातून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं. ते प्लास्टिकच्या भिंतीत अडकून राहतं आणि पुढे दिवसांनी हळूहळू पाण्यात उतरतं. पिकलेल्या फळांत तेच असतं, म्हणून वास तसा. प्रमाण अगदी थोडं, घाबरू नका. कोलात ते साखर आणि मसाल्यात बुडून जातं, कुणाला कळत नाही. पाण्यात लपायला जागाच नाही. म्हणून पाण्याच्या प्रीफॉर्मसाठी ह्या बाबतीत जास्त कडक माल घ्यायचा असतो.

तुमच्या बाटल्या पोळ्याला भरल्या, नऊ-दहा दिवस भरून राहिल्या, त्यावर आपल्याकडची उमस. ताजी बाटली प्यायली असती तर आत्याबाईंनाही कळलं नसतं.

करून बघा: जुन्या प्रीफॉर्मची बाटली फुगवा, पाणी न भरता लगेच झाकण लावा, एक दिवस तशीच ठेवा. मग उघडून लगेच नाक लावा. शेजारी एक काचेची बाटली झाकण लावून ठेवा, तुलनेला. आणि ज्याच्याकडून प्रीफॉर्म घेता त्याला साधेपणाने विचारा, हा लॉट पाण्याचा की सोड्याचा?

मंडपातले काका

मागच्या वैशाखात एका लग्नात एक म्हातारे गृहस्थ मला हेच म्हणाले होते. पाण्याला सफरचंदाचा वास येतो. मी म्हटलं, काका, सरबत प्यायलात का आधी? आता त्यांना शोधून माफी मागायला हवी. सूनबाई, तो माल तुमचा नव्हता, निश्चिंत राहा.

केनवाली वहिनी

उशीर झाला लिहायला, दिवाळी मधे आली.

रिकाम्या बाटलीचा प्रयोग केला. काचेच्या बाटलीला काही नाही. जुन्या प्रीफॉर्मची उघडली तर मलाही आला, आणि माझं नाक काही आत्याबाईंसारखं नाही. अगदी हलका, टोपलीत सफरचंद दोन दिवस राहिलं की येतो तसा. नमुन्याच्या बाटलीला नाही. प्रीफॉर्म देणाऱ्याला विचारलं. आधी म्हणाला सगळं एकच असतं भाभी. मग भाऊजी समोर जाऊन बसले तेव्हा म्हणाला, मार्चपासूनचा लॉट सोड्याच्या ऑर्डरीतून उरलेला होता, म्हणून तर दोन रुपये किलो स्वस्त लावला. ते दोन रुपये मीच घासाघीस करून मिळवले होते. वहीत खूण करून ठेवली होती, शाबासकी म्हणून.

आता ठरलेलं सांगते. चौकोनी साचा नाही. गोलच, पण लेबल थोडं वर आणि हाताच्या जागी तीन वळ्या. साचेवाला जुन्याच साच्यात मधला तुकडा बदलून देतोय, त्यामुळे नवीन साच्याचा खर्च वाचला. प्रीफॉर्म पाण्याच्याच मालाचा, १८ ग्रॅम. मान पुढच्या वर्षी बघू. लेबल प्लास्टिकचं, गडद निळी जाड देवनागरी अक्षरं, लाट नाही, थेंब नाही. ताई, तुमचा वर्तमानपत्राचा प्रयोग घरी सगळ्यांनी केला, सासऱ्यांना भारी आवडला. नाव जुनंच ठेवलं. पत्ता तर लेबलावर टाकावाच लागतो, तो खाली मुंगीच्या अक्षरांत असायचा. मी म्हटलं तो मोठा करा: सांवेर रोड, इंदूर. भाऊजी म्हणाले, "सांवेर रोडचं पाणी कोण घेणार?" म्हटलं, सहा वर्षं तेच घेताहेत.

काकांच्या सांगण्यावरून दोनशे मिलीचं लेबलही ह्याच छपाईत टाकलं. एकूण बाटलीमागे २८ पैसे जास्त पडतात. १७ पैसे खाली आणले म्हणून ह्यांनी मला मान दिला, मी तो घेतला.

फसवणुकीचं मी माझ्यापुरतं असं धरलंय, की बाटली कडक करणं चालेल, डोंगर काढणं नाही चालणार. आणि फुलपात्राच्या परीक्षेत जिची चिठ्ठीच नव्हती तिचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं.

प्रीफॉर्मवाले दादा, १८ ग्रॅमचे नमुने घ्यायला भाऊजी सोमवारी सकाळी पिथमपूरला येतील. चार-पाच लॉटच्या रिकाम्या बाटल्या आदल्या दिवशीच झाकण लावून ठेवता आल्या तर बरं होईल. आत्याबाईही गाडीत येताहेत. त्यांना खुर्ची जरा सावलीत ठेवा.